मान डोलावली

जालिंदर साळवे यांना चेहऱ्याने पुष्कळ जण ओळखत, नावाने फारसं कुणी नाही. श्रीरामपूरच्या बाजारात एखादी बाई हातातली मेथीची जुडी तशीच धरून त्यांच्याकडे बघत राही आणि मग विचारी, तुम्ही ते पिच्चरमधले हवालदार ना? ते हसून व्हय म्हणत. हवालदार, तलाठी, मुनीम, नवरीचा बाप, कोर्टातला पट्टेवाला, सगळं त्यांचं करून झालं होतं. पिक्चर कुणाचाही असो, जालिंदर साळव्यांचे सीन दोनच. पहिल्यात हिरोला अडवायचं आणि दुसऱ्यात त्याची वाट मोकळी करून द्यायची, असं ते स्वतःच सांगत.

तरुणपणी ते एस.टी.त कंडक्टर होते. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत त्यांचं काम बघून एका दिग्दर्शकाने त्यांना बोलावून घेतलं, तेही आवाजामुळे. खच्चून भरलेल्या गाडीत पुढच्या दारापासून मागच्या बाकापर्यंत सहज पोचणारा तो आवाज होता. मग रजा टाकून शूटिंगला जायचं आणि मिळेल त्या गाडीने परत येऊन ड्यूटीवर उभं राहायचं, हे वर्षानुवर्षं चाललं. भीमजयंतीला वस्तीत नाटक बसायचं, तिथे पडद्याआडून प्रॉम्प्टिंग करणाऱ्या सुमनशी त्यांचं लग्न झालं. नंतर पोरीचंही लग्न झालं, ती पुण्याला गेली, नोकरी संपली, आणि पोटापुरत्या पेन्शनीवर साळवे पूर्णवेळ नट झाले. दोन सीनचे का होईना.

कान कधी जाऊ लागले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. उजवा एस.टी.च्या इंजिनाने नेला, असं ते म्हणत. डावा शाबूत होता म्हणून काही अडलं नाही. मग डावाही विझत गेला. आधी पाखरं गेली, मग दाराची बेल, मग कुकरची शिट्टी. शेजारचे काकासाहेब एकदा मागून हाका मारत गल्लीच्या टोकापर्यंत आले आणि सुमनबाईंना म्हणाले, साळवे मोठे नट झाले, आता ओळख देत नाहीत. सुमनबाईंनी ते निमूट ऐकून घेतलं. नवऱ्याला बहिरा म्हणण्यापेक्षा गर्विष्ठ म्हटलेलं परवडलं, असं तेव्हा त्यांना वाटलं.

डॉक्टरांनी तपासून मशीन लावायला सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना जालिंदरराव बायकोला म्हणाले, "कानात मशीन घातलेला हवालदार कुठं बघितलास का तू? एकदा बोभाटा झाला की मला कुणी दारात उभं करायचं नाही."

तेव्हापासून शूटिंगला जाण्याआधी ते समोरच्या नटांचीही वाक्यं पाठ करू लागले. सुमनबाई भाकरी थापता थापता कधी नायिका होत, कधी सावकार. समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवायची, वाक्य संपताना तो श्वास कुठे टाकतो ते हेरायचं आणि मग आपलं वाक्य टाकायचं. मधल्या वेळात कुणी काही विचारलं, गंमत केली, तर मान डोलवायची. मान डोलावणाऱ्याला कुणी पुन्हा विचारत नाही. ही युक्ती इतकी अंगवळणी पडली होती की आपण ती करतो आहोत, हेही त्यांच्या ध्यानात येत नसे.

अशात हर्षलचा फोन आला, म्हणजे सुमनबाईंनी घेतला. हर्षल नगरचाच, तिशीतला, दिग्दर्शक म्हणून त्याचा हा पहिलाच चित्रपट. सासरी जाच होणाऱ्या मुलीला तिचा बाप जाऊन घेऊन येतो, एवढीच गोष्ट. आणि त्यातला बाप जालिंदर साळवेंनी करायचा. एकदोन नव्हे, जवळजवळ सगळ्या सीनमध्ये तो होता. शूटिंग देवळाली प्रवराच्या आसपास, म्हणजे घरापासून फार लांब नाही. सुमनबाईंनी फोन ठेवला आणि निरोप सांगितला, तेव्हा जालिंदररावांनी तो त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतला. एकदा ऐकू आलं नाही म्हणून आणि एकदा खरं वाटलं नाही म्हणून.

"आता तरी सांगून टाका त्यांना," सुमनबाई म्हणाल्या.

"हा पिक्चर होऊ दे. मग सांगतो."

घरातले सीन बरे गेले. मुलीचं काम करणारी रुपाली पुण्याची होती. तीही नवीच होती, आणि काका काका करत सगळं त्यांनाच विचारायची. तिचे ओठ स्पष्ट हलत. तिच्यासमोर बसलं की जालिंदररावांना आपण पूर्वीसारखे आहोत असं वाटे. तरी रोज सकाळी गाडी न्यायला आली की मनात तेच यायचं. आज कुणी पाठमोरं बोलणार तर नाही? आज अंधाराचा सीन तर नाही? जेवणाच्या सुट्टीत ते एका कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसत, म्हणजे मागून कुणी हाक मारायला नको. लोक म्हणत, काका भूमिकेत शिरलेत, त्यांना त्रास देऊ नका.

कालव्याच्या रस्त्यावरचा शॉट ठरला तो दिवस थंडीचा होता. गळीत हंगाम ऐन भरात होता, रस्त्यावर उसाचं पाचट पडलेलं. बाप सायकल हातात धरून चालतो आहे, कॅरिअरवर मुलीची बॅग, शेजारी मुलगी. मागून उसाचा ट्रॅक्टर येतो, हॉर्न देतो. बाप मुलीचा हात धरून तिला शेताच्या बाजूला ओढतो आणि म्हणतो, "बाजूला हो पोरी. त्याला जाऊ दे, मग आपण जाऊ." ट्रॅक्टर कालव्याच्या बाजूने निघून जातो. एवढंच होतं.

ट्रॅक्टर खरा होता, दोन ट्रॉल्या उसाने भरलेल्या. ड्रायव्हर कानिफनाथ गर्जे पाथर्डीकडचा, हंगामापुरता आलेला. त्याची बायको छबूबाई ऊसतोडीवर होती. प्रॉडक्शनचं सगळं बघणाऱ्या सहादेवने रस्त्यावर फक्कीची पांढरी रेघ मारून त्याला समजावलं की इथे पोचलास की हॉर्न दे, पण वेग कमी करू नकोस. ते बाजूला होतील.

तालीम झाली तेव्हा रुपाली त्यांच्याकडे बघत चालत होती. हॉर्न वाजला तशी तिची नजर हलली आणि तेवढ्यावर जालिंदररावांनी तिला ओढलं. सगळे खूश झाले. ते मात्र घामाने भिजले होते.

मग हर्षलने बदल केला. मुलगी खाली मान घालून चालेल, डोक्यावर पदर, रडते आहे, तिला आजूबाजूचं भान नाही. रुपालीने येऊन विचारलं, काका, मग मी कधी हलू? जालिंदरराव म्हणाले, "मी ओढेपर्यंत तू हलायचं नाही. हॉर्न वाजला तरी नाही. भान नाही ना तुला?" ती हो म्हणाली. नटाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण बोलून गेल्यावर त्यांच्या मनात आलं की आता आपल्याला सांगणारं कुणी राहिलं नाही.

हर्षल कॅमेऱ्याजवळ उभा होता. तिथवर जाऊन सांगायला वेळ होता. जालिंदरराव चार पावलं गेलेही. हर्षल त्यांना बघून हसला, काहीतरी म्हणाला, आणि अंगठा वर करून पुन्हा कॅमेऱ्याकडे वळला. ते परत फिरले. एवढा मोठा ट्रॅक्टर, त्याची धडधड जमिनीतून पायाला कळेलच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

ते चालू लागले. पायाला धडधड लागत होती, पण ती पहिल्यापासूनच लागत होती. शेताच्या कडेला जनरेटरची गाडी उभी होती. कुठली धडधड कुणाची ते कळेना. समोर, कॅमेऱ्याच्या बाजूला, लाइट धरणारा एक माणूस दोन्ही हात हलवत होता. तो कुणाला तरी बाजूला हो म्हणत असेल, असं त्यांना वाटलं. ऊन मागून होतं. त्यांची सावली पुढे पडली होती, रुपालीची तिच्या शेजारी. मग त्या दोन्ही सावल्या एका मोठ्या सावलीत बुडाल्या.

त्यांनी ओढलं, पण उशीर झाला होता. कानिफनाथने ट्रॅक्टर कालव्याकडे दाबला होता. मडगार्डने सायकल उचलली आणि रुपाली तिच्यासकट फेकली गेली. ट्रॅक्टरचं पुढचं चाक कालव्याच्या काठावर लटकलं, मागची ट्रॉली कलंडली आणि उसाच्या मोळ्या रस्त्यावर घरंगळल्या. जालिंदररावांना हे सगळं बिनआवाजी दिसलं.

रुपाली हात पोटाशी धरून बसली होती. मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. कानिफनाथ खाली उतरला, कपाळातून रक्त येत होतं. माणसं धावत आली, सगळे एकदम बोलू लागले. इतके ओठ एकदम हलताना जालिंदररावांना एकही शब्द लागेना. सहादेवने त्यांचे खांदे धरले, तोंडाजवळ येऊन काहीतरी विचारलं. त्यांनी मान डोलावली. त्याने मागे वळून ड्रायव्हरकडे बोट दाखवलं, पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा मान डोलावली. मग कुणीतरी पाणी दिलं. थोड्या वेळाने ट्रॅक्टरचा मालक आला आणि त्याने सगळ्यांदेखत कानिफनाथच्या कानफटात मारली. का मारली, ते जालिंदररावांना कळलं नाही.

ते कळलं संध्याकाळी, घरी. सहादेवचा फोन सुमनबाईंनी घेतला. मग त्या दिव्याखाली नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. त्यांना नीट दिसेल असं, एकेक शब्द सुटा करून त्या बोलल्या.

"उद्या तुम्हाला पोलिसांपुढं जबाब द्यायचाय. ड्रायव्हरनं हॉर्न उशिरा दिला, असा."

"असं कोण म्हणतं?"

"तुम्ही."

सुमनबाईंनी सांगितलं की कॅमेऱ्यापासची माणसं लांब होती, त्यात जनरेटरचा आवाज. हॉर्न ऐकला सगळ्यांनी, पण रेघेवर वाजला की रेघ ओलांडल्यावर, हे कुणी छातीठोक सांगेना. त्या शॉटला आवाजही टिपत नव्हते, मागाहून भरणार होते. रुपालीला वेदनेत काही आठवेना. जवळ होते ते फक्त जालिंदरराव. सहादेवने त्यांना विचारलं, हॉर्न उशिरा दिला ना? त्यांनी मान डोलावली. ड्रायव्हर प्यायलेला वाटत होता ना? त्यालाही डोलावली. मालकाने किल्ली काढून घेतली आहे आणि नुकसान त्याच्याच माथी मारणार आहे.

"मी हॉर्न ऐकलाच न्हाई," जालिंदरराव म्हणाले.

"मला माहीत आहे."

एवढं बोलून सुमनबाई उठल्या नाहीत. त्यांनी पुढे काही सुचवलंही नाही. जालिंदररावांना वाटत होतं की हिने काहीतरी म्हणावं, म्हणजे हिच्याशी वाद तरी घालता येईल. आयुष्यभराची मेहनत, हाताशी आलेला एवढा मोठा रोल, एका शब्दाने जाणार. आणि पोरीचं मनगट. हळू आवाजात त्या नुसत्या म्हणाल्या, की न ऐकता ऐकल्यासारखं करायला आपण दोघं मिळूनच शिकलो. ओठ बघून ते त्यांना कळलं आणि त्यांनी मान खाली घातली.

सकाळी गाडीची वाट न बघता ते एस.टी.ने देवळालीला गेले. उसतोड्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, कालव्यापलीकडे होत्या. कानिफनाथ एका कोपीपुढे बसला होता, कपाळाला पट्टी. छबूबाई तोडीला गेली नव्हती; जालिंदररावांना बघून ती आत गेली आणि तिने पाण्याचा तांब्या बाहेर आणून ठेवला, हातात दिला नाही.

कानिफनाथ जमिनीकडे बघत बोलू लागला. त्याचे ओठ दिसेनात. थोडा वेळ जालिंदररावांची मान सवयीने हलली, आणि हलते आहे हे लक्षात येताच त्यांनी ती थांबवली.

"वर बघून बोला," ते म्हणाले. "मला ऐकू येत न्हाई."

बायको आणि डॉक्टर सोडले तर हे त्यांनी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

कानिफनाथने वर पाहिलं. "म्हंजी?"

"म्हणजे बहिरा हाय मी. काल तुमी हॉर्न दिला तो मला आलाच न्हाई."

"तीन डाव दिला मी. रेघंवर आन त्याच्या आदी बी. तुमी हलंना. मला वाटलं, नट हायती, शेवटच्या घटकंला हलत्याल." तो थांबला. "मी दारू पीत न्हाई. माळकरी हाय मी."

"मला कळलं. मी सांगतो आता जाऊन."

छबूबाई दारातून म्हणाली, आणि तिने ते त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं, "कालच सांगायचं हुतं."

युनिट गावाबाहेरच्या एका मंगल कार्यालयात उतरलं होतं. जबाब घ्यायला आलेला हवालदार हसून उभा राहिला आणि म्हणाला, या या, तुम्ही तर आमच्यातलेच. कुणी हसलं नाही. हर्षल तांबारलेल्या डोळ्यांनी बसला होता, सहादेव त्याच्याशेजारी. जालिंदररावांनी खुर्ची घेतली नाही. ज्या आवाजावर ते आजवर जगले त्याच आवाजात त्यांनी उभ्यानेच सांगितलं. हॉर्न वेळेवर वाजला होता, ड्रायव्हरने आम्हाला वाचवायला गाडी कालव्यावर घातली. मला ऐकू येत नाही आणि ते मी लपवलं होतं. मुलीला मीच हलू नको म्हणालो होतो. काल मान डोलावली ती प्रश्न न कळता. हवालदाराने सगळं लिहून घेतलं. सहादेव म्हणाला, काका, विचार करून बोला. जालिंदररावांनी त्याच्या ओठांकडे नीट बघितलं आणि ते म्हणाले की विचार करूनच बोलतोय.

मग हर्षल म्हणाला, "तुमच्यावर विसंबून मी त्या मुलीला ट्रॅक्टरपुढे चालवलं. मेली असती ती."

"व्हय," जालिंदरराव म्हणाले.

हर्षलने त्यांना घरी जायला सांगितलं. रोलचं काय, हे त्याने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. जाताना ते दवाखान्यात रुपालीकडे गेले. हाताला प्लास्टर होतं, शेजारी आई. तिला सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "मी हॉर्न ऐकला होता काका. पण तुम्ही म्हणाला होतात ना, म्हणून थांबले." त्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच त्यांना तिथे थांबवेना.

पुढचे दिवस वाईट गेले. फोन समोर ठेवून ते त्याच्या पडद्याकडे बघत बसत. उजळला की सुमनबाईंना हाक मारत. जेवण जाईना. दुसरा कुणी त्यांच्या जागी घेतला असेल, सगळे सीन पुन्हा काढत असतील, असं मनात यायचं. याच दिवसांत ते स्वतःहून डॉक्टरांकडे गेले आणि मशीन लावून आले. जग एकदम कर्कश झालं. भांडी, रिक्षा, स्वतःच्याच चपला. काकासाहेबांनी मागून हाक मारली तेव्हा ते दचकून भिंतीला टेकले.

हर्षलचा फोन आला तो सुमनबाईंकडेच. रुपालीचं प्लास्टर निघालं होतं. अर्ध्याच्या वर चित्रपट साळव्यांवर काढून झालेला, तो टाकून देणं निर्मात्याला जमण्यासारखं नव्हतं. राहिलेले सीन घरातले, ते करून घेऊ. कालव्याचा सीन काढून टाकला आहे. मशीन कानात ठेवूनच काम करायचं, बापाला मशीन असलं तर बिघडत नाही. आणि यापुढे लपवाछपवी नको. सुमनबाईंनी सगळ्याला हो म्हटलं.

शूटिंग झालं. रुपाली पूर्वीसारखी काका काका करत नव्हती. सीन झाला की आपल्या खुर्चीकडे जायची. एकदा मात्र तिने आपणहून येऊन विचारलं, आता बरं ऐकू येतं का? येतं, ते म्हणाले. बरं, असं म्हणून ती गेली. डबिंगला पुण्यात गेले तेव्हा पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा आवाज धड ऐकला. ते प्रत्येक सीनमध्ये ओरडत होते. किती वर्षांपासून, कोण जाणे. त्यांनी सगळी वाक्यं पुन्हा म्हटली, हळू, आणि दर वाक्यानंतर काचेपलीकडे बघून विचारलं, पोचलं का?

त्यानंतर काम आलं नाही. बोभाटा झालाच होता. दोन ठिकाणांहून कळवतो म्हणाले आणि कळवलं नाही.

हंगाम संपता संपता, ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडे परतायच्या सुमारास कानिफनाथ आणि छबूबाई श्रीरामपूरला बाजाराला आले आणि विचारत विचारत घरी आले. पोलिसांनी अपघात म्हणून प्रकरण मिटवलं होतं. पण मालकाने ट्रॅक्टरवर दुसरा ड्रायव्हर बसवला तो बसवलाच. राहिलेला हंगाम कानिफनाथने बायकोबरोबर कोयत्यावर, ऊस तोडत काढला. जालिंदररावांनी मालकाशी पुन्हा बोलून बघतो म्हटलं. कानिफनाथ म्हणाला, ऱ्हाऊ द्या, आता फुडच्या वर्साला बघू.

सुमनबाईंनी चहा दिला. छबूबाईने या वेळी जालिंदररावांच्या कानाकडे निरखून बघितलं. कानिफनाथ मात्र काहीतरी विचारायचं म्हणून अवघडून बसला होता. कप खाली ठेवल्यावर त्याने विचारलं.

"पिच्चरमधी माझा टॅक्टर दिसंल का?"

"न्हाई," जालिंदरराव म्हणाले. "तो सीन काढून टाकला."

कानिफनाथचा चेहरा उतरला. "गावाकडं समद्यांला सांगून ठिवलंय मी."

छबूबाई उठली, पिशवी खांद्याला लावली, आणि दाराशी थांबून तिने विचारलं, "मंग तुमी तरी हाय का त्यात?"

"हाय. शेवटपर्यंत हाय."

"बरं," ती म्हणाली. "मंग बघू."